शेंगोळे आणि पुडिंग

मागच्या दिवाळीत माझी मुलगी नांदेडहून आली, तेव्हा तिने एक नवा गोड पदार्थ केला. दूध नाही, तूप नाही, अंडे नाही. एक वाटी मैदा, दोन चमचे कोको, अर्धी वाटी गूळ, दोन लहान चमचे बेकिंग पावडर, तीन चमचे तेल आणि पाऊण वाटी पाणी एवढेच कालवले. डब्यात ओतून वर गूळ व कोको भुरभुरला आणि सव्वा वाटी कढत पाणी वरूनच सोडले. ढवळले मुळीच नाही! मला वाटले, पोरीने सारे वाया घालवले. कुकरच्या तळाशी मीठ पसरून, शिटी व रिंग काढून, तिने तो डबा पाऊण तास ठेवला. उघडला तो वर फुगलेला केक आणि खाली सायीसारखा दाट रस.

सासूबाईंनी एक घास खाल्ला व म्हणाल्या, "अगं, हे तर गोड शेंगोळेच की!"

भगिनींनो, त्या बोलण्याने मी विचारात पडले. ज्वारीचे शेंगोळे फोडणीच्या पाण्यात शिजतात, तेव्हा रस्सा वेगळा करावा लागतो काय? पीठ सुटते, हात धुतलेले पिठाचे पाणीही त्यातच जाते, आणि रस्सा आपोआप दाटतो. पुडिंगमध्येही तसेच घडते. पीठ फुगून हलके होते व वर येते, गुळाचे पाणी खाली उतरते आणि पिठाच्या अंशाने आळते.

हा पदार्थ कुणा राजाच्या मुदपाकखान्यातला नव्हे. 1929 साली जगात महामंदी आली. कॅनडातील क्वेबेक प्रांतात कारखाने बंद पडले. तिथल्या बायका पिठावर साखरेचा कढत पाक ओतून असेच पुडिंग भाजू लागल्या. त्याचे फ्रेंच नावच "बेकाराचे पुडिंग" असे आहे. बेकिंग पावडरीची कथाही घरातलीच. इंग्लंडात आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी व यीस्ट सोसत नसे. तिच्यासाठी त्यांनी 1837 मध्ये अंड्याविना कस्टर्डची पूड आणि 1843 मध्ये यीस्टविना फुगवणारी ही पावडर तयार केली. दूध-तूपही न खाणाऱ्यांना "व्हीगन" म्हणतात. तो शब्द 1944 साली इंग्लंडात निघाला. पण अडचणीपोटी तसे जेवण आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होतेच.

1972 च्या दुष्काळात आपले कळमनुरी परभणी जिल्ह्यात होते. सासूबाई तेव्हा नवी नवरी. दिवसभर खडी फोडायची, कामावर मिळालेली सुकडी मुलांसाठी राखायची. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो मिळे. तिची भाकरी थापताना तुटे. मग त्या कढत पाण्यात पीठ मळून शेंगोळे वळत. तेही मोडत. परंतु जे मोडे, त्यानेच रस्सा दाट होई आणि सात माणसे जेवून उठत.

एवढे असून सासूबाईंनी शेंगोळे पाहुण्यांना कधी वाढले नाहीत. एकदा दारात व्याही आले, तर त्यांनी पातेले पदराआड धरून मागच्या खोलीत नेले होते. "गरिबीचे अन्न ते, लोक काय म्हणतील?" असे त्या आजही म्हणतात. क्वेबेकच्या बायकांचे बेकाराचे पुडिंग मात्र आज मोठ्या हॉटेलांत मानाने वाढले जाते.

मला वाटते, लाज वाटावी असे त्यात काही नाही. घरात काही नसताना मोडलेल्यातूनही रस काढणे, ही त्यांची विद्याच होय. म्हणून माझी मंडळाला विनंती आहे की यंदाच्या वर्धापनदिनी पुडिंगशेजारी शेंगोळ्यांचे पातेलेही मांडावे. वळायला सासूबाईंना बसवू. त्या लाजून नाही म्हणतील. आपण सर्वजणींनी मिळून त्यांना घरून घेऊन यावे.