जखम सारखी, विसर वेगळा

फेब्रुवारी १९१५ च्या 'लॅन्सेट'मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने तीन सैनिकांची हकिगत छापली. फ्रान्सच्या आघाडीवर तोफगोळे जवळ फुटल्यानंतर त्यांची दृष्टी, गंध आणि चव बिघडली होती. स्मृतीही हरवली होती. हा 'शेलशॉक' मेंदूचा, मनाचा की भित्रेपणाचा, या वादात पुढची कितीतरी वर्षे गेली. फ्रेडरिक मॉट यांनी मृत सैनिकांच्या मेंदूत बारीक रक्तस्राव शोधले, तरी वाद मिटला नाही.

मला त्या वादापेक्षा त्याखाली दबून राहिलेला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. एकाच खंदकातले, सारखाच मार खाल्लेले दोघे. एक सावरतो, दुसऱ्याला काल भेटलेला माणूस आज आठवत नाही. असे का?

दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज महाविद्यालयात डोक्याला मार लागलेल्या सैनिकांचे रुग्णालय होते. तिथे काम करणाऱ्या रिची रसेल यांनी स्मृतिभ्रंशाचेच माप केले. इजेनंतरचा जितका काळ रुग्णाला आठवत नाही, तितकी इजा गंभीर. हे माप आजही वापरात आहे. पण ते इजेचे माप होते, माणसाचे नव्हे.

माणूस हिशेबात आला व्हिएतनाममुळे. विल्यम कॅव्हनेस यांनी १९६७ ते १९७० या काळात मेंदूला जखम झालेल्या अमेरिकी सैनिकांची नोंदवही तयार केली आणि पुढे जॉर्डन ग्राफमन व सहकाऱ्यांनी त्याच सैनिकांचा अनेक दशके पाठपुरावा केला. भरतीच्या वेळी घेतलेल्या बुद्धिचाचणीचे गुण हाताशी असणे, हे या अभ्यासाचे मोठेच भाग्य. जखमेआधीचा माणूस कसा होता हे वैद्यकाला सहसा कळत नाही, इथे कळले. नंतरची बुद्धी किती टिकणार हे मेंदूचा किती भाग गेला यापेक्षा आधीच्या गुणांवर अधिक अवलंबून निघाले. म्हणजे सैनिक जखमेपूर्वीच काहीतरी सोबत घेऊन आलेला असतो. त्यातले जन्मजात किती, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला.

त्याला पहिला धागा मिळाला तो अल्झायमरच्या संशोधनातून. एपीओई हे जनुक मेंदूतल्या कोलेस्टेरॉलची ने-आण करणारे प्रथिन बनवते. त्याचा 'ई-४' हा प्रकार अल्झायमरचा धोका वाढवतो, हे १९९३ मध्ये ड्यूक विद्यापीठात ॲलन रोझेस यांच्या चमूने दाखवले. १९९७ मध्ये ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल यांना ई-४ असलेले डोक्याला मार लागलेले रुग्ण कमी सावरताना दिसले. २००२ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण व माजी सैनिक विभागांच्या मेंदू-इजा कार्यक्रमातल्या ११० जणांना शब्दांची यादी पाठ करायला दिली गेली. ई-४ वाल्यांचे शिकणे आणि आठवणे दोन्ही उणे पडले. नियोजनासारख्या इतर क्षमतांत मात्र तसा फरक नव्हता. जनुक नेमके स्मृतीपाशी बोट ठेवत होते.

इथे गोष्ट सरळ संपली असती. पण टीसडेल यांनीच पुन्हा, या वेळी हजारांहून अधिक रुग्णांवर पडताळणी केली आणि २००५ मध्ये एकूण परिणाम आढळला नाही असे छापले. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाला असे आव्हान देणारा संशोधक मला फार मोठा वाटतो.

बीडीएनएफ या जनुकाने तर अधिकच चकवले. त्याच्या 'मेट' प्रकाराने निरोगी माणसांची प्रसंगस्मृती थोडी उणी पडते, असे २००३ मध्ये दिसले होते. २०११ मध्ये व्हिएतनामच्या त्याच जखमी सैनिकांची तपासणी झाली, तेव्हा नियोजन व निर्णयाच्या चाचण्यांत मेट असलेलेच सरस ठरले. शांततेत उणा ठरणारा प्रकार इजेनंतर उपयोगी पडतो, हे कोणी गृहीत धरले नव्हते.

म्हणून आता एकेका जनुकाऐवजी अनेक जनुकांच्या एकत्रित धोक्याकडे पाहतात. २०१७ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी इराक-अफगाणिस्तानहून परतलेल्या १६० जणांत पाहिले, की अल्झायमरचा असा धोका जास्त असलेल्यांत सौम्य इजेनंतरही मेंदूचा बाह्यस्तर काही भागांत पातळ होता, आणि त्याचा संबंध कमकुवत स्मृतीशी होता.

अशा ज्ञानाचा मोह भरती करणाऱ्याला पडणार. नोकरीत जनुकांवरून भेदभाव करू नये असा कायदा अमेरिकेने २००८ मध्ये केला, पण तो सैन्याला लागू नाही. संशोधनासाठी दिलेले रक्त सैनिकाच्या भरतीत, बढतीत किंवा पेन्शनमध्ये त्याच्याविरुद्ध वापरले जाणार नाही, अशी हमी कायद्यानेच द्यायला हवी, आणि ती संशोधन पुढे जाण्याआधी द्यायला हवी.