फरशीमागून आलेलं पायपुसणं

आमच्या घरात पायपुसणं आलं ते फरशीच्या मागून. त्याआधी आम्हाला त्याची गरजच नव्हती.

खटाव तालुक्यातलं आमचं घर धाब्याचं, वर पांढऱ्या मातीचं, खाली शेणानं सारवलेली भुई. दाराशी रांजण आणि त्यावर तांब्या. रानातून आलेला माणूस पायावर पाणी ओतायचा, एकेक पाय झटकायचा आणि उंबरा ओलांडायचा. ओली पावलं भुईवर क्षणभर दिसायची, की गेली. चिखल आलाच आत तर तो मातीत माती होऊन जायचा, पुढच्या सारवणात झाकायचा. तेव्हाच्या खेड्यात पायपुसणं नव्हतं म्हणजे लोक घाणेरडे होते, असा काही शहरी मित्रांचा समज असतो. तसं नव्हतं. पाय पुसायचं काम भुईच करत होती.

शिवाय पायाखाली घालायला कापड होतंच कुठं? लुगडं नऊ वारी. ते विटलं की त्याचा बरा भाग पोरींच्या परकराला जायचा, मऊ झालेला बाळंतिणीच्या दुपट्यांना, उरलेला गोधडीच्या आत. गोधडीतूनही जे उरेल त्याचं पोतेरं. पोतेऱ्याचे धागे सुटले की चूल पेटवायला. पोत्याचीही तीच किंमत. 1972 च्या दुष्काळात परदेशी तांबडी मिलो आली. ती खाताना माणसं तोंड वाकडं करायची, पण तिचं रिकामं पोतं घरात दोन-तीन मिळावीत म्हणून धडपडायची. पावसात डोक्यावर खोळ, थंडीत बैलाच्या पाठीवर झूल, न्हाणीला आडोसा, खडी फोडायला बसताना बुडाखाली बसकर. हे ताग कुठून येतं, हे मला फार पुढं कळलं. हुगळीकाठी रिश्र्याला 1855 मध्ये तागाची पहिली गिरणी निघाली. फाळणीनंतर गिरण्या इकडं राहिल्या आणि तागाची बरीचशी शेतं तिकडं, पूर्व पाकिस्तानात गेली. आमच्या न्हाणीचा आडोसा इतक्या लांबून आला होता.

1979 मध्ये सोप्यात शहाबादी फरशी बसली. पैसे मुंबईहून नानाकाकांनी पाठवले. ते परळच्या एका कापड गिरणीत साच्यावर होते. गावाला फरशीचं कौतुक, आजीला मात्र वैताग. फरशीवर प्रत्येक पाऊल उमटायचं आणि वाळलं तरी राहायचं. "भुई पायाची माती घेती, ही फरशी समदं दावून देती," असं ती म्हणायची. मग एक जुनं पोतं मधोमध फाडून, चार पदरी घडी घालून, कडेनं सुतळीनं टाचून उंबऱ्याशी टाकलं. तेच आमचं पहिलं पायपुसणं. पाणी झकास प्यायचं, पण पावसाळ्यात वाळायचं नाही, आणि कुबट वास यायचा.

18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढारी डॉ. दत्ता सामंत, संपात सुमारे अडीच लाख कामगार. आमच्या भागातल्या जवळपास प्रत्येक आळीतलं कुणी ना कुणी त्यात होतं. नानाकाका आधी एकटे आले, म्हणाले महिन्याभरात मिटेल. दिवाळीपर्यंत काकू आणि पोरंही आली. संप मिटल्याचं शेवटपर्यंत कुणी जाहीर केलंच नाही. काका रोज सकाळी चावडीवर पेपर वाचून यायचे आणि सोप्यात बसून राहायचे.

काकूनं मात्र चाळीतलं एक शिक्षण बरोबर आणलं होतं: चिंध्यांचं पायपुसणं. चार बोटं रुंदीच्या पट्ट्या फाडायच्या, कातरायच्या नाहीत, कारण फाडलेली कड दोऱ्याला सरळ जाते. तीन पट्ट्या खुंटीला बांधून वेणी घालायची. एका पट्टीचं टोक आलं की पुढची तिथंच गाठ न मारता शिवून घ्यायची, नाहीतर गाठ पायाला टोचते. मग वेणी भुईवर चपटी ठेवून मधून बाहेर गुंडाळत जायची आणि दाभणानं फेऱ्याला फेरा जोडायचा. दोरा ओढला की पायपुसण्याची टोपली होते. वळणावर वेणी सैल सोडायची, सगळी खुबी तिथंच. माझी पहिली तीन टोपल्याच झाली.

खर्च म्हणाल तर फक्त दोऱ्याचा. काकू आठवड्याच्या बाजाराला पाच-सहा न्यायची आणि रिकाम्या हातानं यायची. गावोगाव फरशा बसत होत्या. ते पैसे कशाकशाला पुरले हे मी सांगत बसत नाही, पण माझ्या चुलतभावाची दहावीची फी त्यातली होती.

अडचण कापडाची आली. म्हाताऱ्या बाया सुती लुगडी नेसत, त्या कमी होत होत्या. सुना गोल साडी नेसू लागल्या, नायलॉनची, धुवायला सोपी, टिकाऊ. गोळा होणाऱ्या चिंध्याही आता तशाच. पायपुसणी चमकू लागली, बाजारात पटकन उठू लागली. पाणी मात्र त्यांत शिरेना.

1985 च्या श्रावणात आजी परड्यातून ओल्या पायानं आली. फरशी दमट, त्यावर काकूचं नवं गुलाबी पायपुसणं. ते तिला घेऊनच सरकलं. खुब्याचं हाड मोडलं. आजी त्यानंतर काठीशिवाय चालली नाही.

काकूला कुणी बोललं नाही. तिनंच घरातली सगळी पायपुसणी गोळा केली, परड्यात नेऊन टाकली आणि पंधरा दिवस दाभणाला हात लावला नाही. आजी अंथरुणावरून हाका मारायची, "आगं, त्यात तुझा काय गुन्हा? फरशीच मुळात..." पण काकू समोर जायची नाही.

काका एकदा परड्यात गेले आणि ते गुलाबी पायपुसणं घेऊन आले. एक धागा ओढून काडी लावली. तो जळला नाही, आक्रसला आणि टोकाला कडक मणी झाला. मग स्वतःच्या जुन्या धोतराचा धागा जाळून दाखवला. तो कागदासारखा भुरभुरला, राख झाली. "ह्यात सूत न्हाई," एवढंच म्हणाले. तीन वर्षांत कापडाबद्दल त्यांनी तोंडातून काढलेला तो पहिला शब्द असावा. मग स्वतःच बसले. वेणीत दोन पट्ट्या सुती, एकच नायलॉनची, तीही मजबुतीपुरती. तळाला पोत्याचा गोल तुकडा, दाट टाक्यांनी शिवलेला, म्हणजे फरशी धरून ठेवतो. त्या दिवसापासून तळ शिवण्याचं काम काकांकडं लागलं. बाजारात एका पायपुसण्यामागं आठ आणे जास्त सांगायचे तर बाया घासाघीस करायच्या. काकू उलटं करून तळ दाखवायची.

आजी त्यावरूनही कधी चालली नाही. काठी टेकत कडेनं यायची.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा नातसुनेनं बाजारातून एक पायपुसणं आणलं, मशीनवरचं. काकूला आता नीट दिसत नाही. तिनं ते उलटं केलं, तळावरून हात फिरवला, कडेचा एक धागा ओढून पोराला काडी लावायला सांगितली. मणी झाला का, विचारलं. झाला म्हटल्यावर म्हणाली, "असू दे, तळाला रबर हाय. पर न्हाणीच्या दाराला नगं, म्होरच्या दाराला टाक."