एक्सएमएल दस्तऐवज आणि मराठी अक्षर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मायक्रोसॉफ्टने पुढे आणलेल्या ‘ऑफिस ओपन एक्सएमएल’ या फाइल-स्वरूपास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा देण्याच्या प्रश्नावर भारताने सप्टेंबर २००७ मध्ये आणि पुन्हा मार्च २००८ मध्ये प्रतिकूल मत नोंदविले. ‘ओपन डॉक्युमेंट’ हे मानक २००६ मध्येच मान्य झाले असता दुसऱ्याचे प्रयोजन काय, हा वादाचा एक प्रमुख मुद्दा होता. भारतासह चार देशांची अपिले फेटाळली गेली व नोव्हेंबर २००८ मध्ये ते मानक प्रसिद्ध झाले. मात्र निकाल उलट लागता, तरी मराठीची मूळ अडचण सुटली नसती.

दोन्ही स्वरूपांत फाइल म्हणजे एक झिप-पेटी असते. तीत मजकूर, शैली व चित्रे स्वतंत्र ठेवलेली असतात आणि मजकूर युनिकोड अक्षरांत साठविला जातो. युनिकोडमधील देवनागरीचा आधार १९८८ ची भारतीय ‘इस्की’ संहिता होय. या संक्रमणात मुंबई उपनगराचाही वाटा आहे. पवईच्या आयआयटीत अध्यापन केलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा युनिकोड टंक घडविला व विंडोज २००० सोबत तो घरोघरी पोहोचला. त्याच्या सौंदर्याविषयी मतभेद असोत, उपयुक्ततेविषयी नसावेत.

तथापि, तत्पूर्वीचे मराठी टंकलेखन ज्या फाँटांत झाले, त्यांपैकी अनेकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले होते. पडद्यावर ‘महाराष्ट्र’ दिसे. फाइलमध्ये मात्र रोमन अक्षरे व चिन्हेच असत. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या महाविद्यालयांत असे प्रबंध, इतिवृत्ते, प्रश्नपत्रिका आढळल्यास नवल नाही. अशी फाइल नव्या स्वरूपात जतन केली, तरी पेटी तेवढी बदलते. फाँट नसलेल्या संगणकावर ती निरर्थक दिसते आणि मराठी शब्द टाकून शोधता येत नाही.

येथेच एक्सएमएलचा एक दुर्लक्षित लाभ ध्यानात येतो. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला कोणता फाँट लागू आहे, हे या स्वरूपात स्पष्ट वाचता येते. त्यामुळे परिवर्तक प्रणालीला मराठी तुकडा कोणता आणि मूळचे इंग्रजी नाव कोणते, हे ओळखून केवळ पहिल्याचेच युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. तोच मजकूर साध्या टेक्स्ट-फाइलमध्ये उतरविला की फाँटचे नाव गळून पडते व दोहोंची सरमिसळ होते. म्हणून जुन्या प्रबंधांचे जतन करताना प्रथम मूळ फाइल फाँटसह सांभाळणे आणि रूपांतर तिच्या प्रतीवर करणे इष्ट ठरते. छापील प्रत हाती असल्यास शुद्धलेखन तिच्याशीच ताडून पाहावे लागते, कारण जोडाक्षरे व रफार यांत परिवर्तक हमखास चुकतात.