रिकामी कबर आणि उघडा ग्रंथ

आमच्या देवळाच्या महोत्सवानिमित्त ज्युबिली हा शब्द सध्यां घरोघरीं ऐकूं येत आहे. ह्या शब्दाचें मूळ पवित्र शास्त्रांत, लेवीय नांवाच्या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायांत आहे. इस्राएल लोकांनीं सात वेळां सात वर्षें मोजावीं आणि पुढील 50 वें वर्ष मेंढ्याचें शिंग फुंकून पवित्र म्हणून जाहीर करावें. त्या वर्षीं दासांनीं मोकळें व्हावें, गरिबीमुळें विकली गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, अशी आज्ञा तेथें आहे. त्या शिंगाच्या हिब्रू नांवावरूनच ज्युबिली हा शब्द जगभर पसरला. आम्हीं मंडप घातला, पताका लावल्या, नोव्हेना केली. परंतु ज्या ग्रंथानें आम्हांस हा शब्द दिला तो ग्रंथ आमच्यापैकीं किती जणांनीं उघडून पाहिला, असें कोणी विचारल्यास आम्हांस मान खालीं घालावी लागेल.

कांहीं वर्षांपूर्वीं धर्मशिक्षणाच्या वर्गांत एका मुलानें आम्हांस विचारलें, "प्रभु कबरेंतून उठला, तो उठतांना कोणीं पाहिला?" आम्हीं उत्तर दिलें, "असें विचारूं नये, बाळा, विश्वास ठेवावा." मुलगा गप्प बसला, परंतु त्याचें समाधान झालें नाहीं, हें त्याच्या तोंडावर दिसत होतें. त्या रात्रीं आम्हीं चारहि शुभवर्तमानें काढून वाचलीं, तेव्हां आम्हांसच लाज वाटली. मुलाचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचें उत्तर आमच्याच घरांत, फडताळावर, कापडांत गुंडाळून ठेवलेलें होतें. त्या मुलास तेव्हां न दिलेलें उत्तर ह्या स्मरणिकेच्या निमित्तानें आज द्यावें, अशी आमची इच्छा आहे.

उत्तर असें कीं, प्रभु उठतांना कोणींहि पाहिला नाहीं, आणि चारहि शुभवर्तमानकारांनीं हें प्रामाणिकपणें तसेंच राहूं दिलें आहे. त्या क्षणाचें वर्णन एकानेंहि केलेलें नाहीं. कथा रचून सांगणाऱ्याच्या हातून असें झालें नसतें; त्यानें मोठ्या तेजाचें व गर्जनेचें चित्र नेमकें तेथेंच रंगविलें असतें. शुभवर्तमानांत आहे तें इतकेंच: रविवारची पहाट, बाजूस सारलेली धोंड, रिकामी कबर, आणि त्यानंतर जिवंत प्रभूच्या भेटी.

ह्या भेटींची सर्वांत जुनी लेखी साक्ष संत पौलाची होय. करिंथ येथील मंडळीस त्यानें पहिलें पत्र सुमारें इ. स. 55 मध्यें इफिस शहरांतून लिहिलें. म्हणजे प्रभूच्या मरणास तेव्हां जेमतेम पंचवीस वर्षें झालीं होतीं. त्या पत्राच्या 15 व्या अध्यायांत तो म्हणतो कीं, जें मला मिळालें तेंच मीं तुमच्या स्वाधीन केलें. मग तो क्रमानें सांगतो: ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशीं उठला, केफास म्हणजे पेत्रास दिसला, मग बारांना, मग पांचशेंहून अधिक बंधूंना एकाच वेळीं, मग याकोबास, मग सर्व प्रेषितांस आणि शेवटीं स्वतः पौलास. त्या पांचशेंपैकीं बहुतेक अजून हयात आहेत, असेंहि तो नमूद करतो. ज्याला शंका असेल त्यानें जाऊन विचारावें, असाच ह्याचा अर्थ नव्हे काय?

शुभवर्तमानें ह्यानंतर लिहिलीं गेलीं. विद्वानांच्या मतें संत मार्काचें शुभवर्तमान सुमारें इ. स. 70 चें, संत मत्तय व संत लूक ह्यांचीं त्यानंतर दहावीस वर्षांनीं, आणि संत योहानाचें पहिल्या शतकाच्या अखेरीचें. चारहि ठिकाणीं कबरेकडे प्रथम जाणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि चारहि ठिकाणीं मरिया माग्दालेनाचें नांव आहे. त्या काळच्या यहुदी समाजांत स्त्रियांच्या साक्षीस फारशी किंमत नसे; संत लूक तर स्पष्टच लिहितो कीं, स्त्रियांचें बोलणें प्रेषितांस बरळणें वाटलें. खोटी साक्ष उभी करावयाची असती, तर लोक ज्यांचें ऐकत नाहींत असे साक्षीदार कोण निवडील? शिवाय संत योहान सांगतो कीं, मरियेस प्रभु प्रथम ओळखूंच आला नाहीं. तिला तो बागेचा माळी वाटला. प्रभूनें तिला नांवानें हाक मारली तेव्हां ती ओळखती झाली. आणि ज्या संत थोमाला आपण हिंदुस्थानचा प्रेषित मानतों, त्यानेंहि जखमा पाहिल्यावांचून मानणार नाहीं असा हट्ट धरला होता. प्रभूनें त्याला झिडकारलें नाहीं, जखमा दाखविल्या. आम्हीं मात्र त्या मुलास झिडकारलें होतें.

सर्वांत अधिक बोध आम्हांस अम्माऊसच्या वाटेनें दिला. संत लूकाच्या 24 व्या अध्यायांत ती कथा आहे. दोन शिष्य, त्यांतील एकाचें नांव क्लेयपा, यरुशलेमहून साठ स्टेडिया, म्हणजे सुमारें 11 किलोमीटर दूर असलेल्या गांवाकडे खिन्न होऊन चालले होते. प्रभु त्यांच्या संगतीनें चालूं लागला, तरी त्यांस तो ओळखूं आला नाहीं. त्यानें आपली ओळख लगेच दिली नाहीं. त्यानें मोशेपासून सर्व संदेष्ट्यांपर्यंत शास्त्राचा अर्थ उलगडून सांगितला. शास्त्र ऐकतांना त्यांचें अंतःकरण पेटलें, आणि भाकरी मोडतांना त्यांचे डोळे उघडले. आमच्या पवित्र मिस्सेचा क्रमहि हाच आहे: प्रथम शब्द, मग भाकर. ज्यास शब्दाची गोडी नाहीं, तो अम्माऊसच्या वाटेवर अर्ध्यावरच थांबला, असें आम्हांस वाटतें.

प्रभूनें त्या वाटेवर जुन्या करारांतील कोणतीं वचनें सांगितलीं, तें लूक लिहीत नाहीं. परंतु पुनरुत्थानाची आशा त्या ग्रंथांत हळूहळू कशी उजाडत गेली, हें आपणांस पाहतां येतें. यहेज्केल संदेष्ट्यानें वाळलेल्या हाडांचें खोरें पाहिलें आणि त्या हाडांत प्राण आलेला पाहिला. दानिएलाच्या 12 व्या अध्यायांत धुळींत निजलेले जागे होतील असें सांगितलें आहे. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 7 व्या अध्यायांत एक माता आपले सात पुत्र एकाच दिवशीं छळानें मरतांना पाहते, आणि ज्या देवानें त्यांस गर्भांत प्राण दिला तोच तो परत देईल असें सांगून त्यांस धीर देते. हें पुस्तक आमच्या कॅथोलिक बायबलांतच सांपडेल. आमच्या बायबलांत जुन्या कराराचीं 46 व नव्या कराराचीं 27 अशीं एकूण 73 पुस्तकें आहेत, आणि ट्रेंटच्या धर्मसभेनें 1546 मध्यें ती यादी निश्चित करून जाहीर केली. प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलांत 66 पुस्तकें असतात. मक्काबींचीं त्यांत नसतात. मृतांसाठीं प्रार्थना करण्याचा आमचा जो रिवाज आहे, त्याचा एक आधारहि ह्याच पुस्तकाच्या 12 व्या अध्यायांत आहे.

ही वार्ता मराठी भाषेंत कशी आली, हा इतिहासहि आम्हांस ठाऊक असावयास हवा. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स हे 1579 मध्यें गोव्यास आले आणि साष्टी प्रांतांत जन्मभर राहिले. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनीं पुराणें सुटलीं होतीं, आणि त्यांच्या जागीं स्वभाषेंत गावयास कांहींच नव्हतें. ती उणीव ओळखून त्यांनीं मराठींत, ओवीवृत्तांत, ख्रिस्तपुराण रचलें. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ 1616 मध्यें राशोल येथें रोमन लिपींत छापला गेला. पहिल्या पुराणांत जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यांत प्रभूचा जन्म, दुःखसहन व पुनरुत्थान. पुढें 1649 व 1654 मध्यें त्याच्या आवृत्त्या निघाल्या. परंतु ह्या तीन आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. फादर एतिएन द ला क्रुवा ह्या फ्रेंच पाद्रींनींहि 1629 मध्यें संत पेत्रावर मराठी पुराण प्रसिद्ध केलें.

ही उगवती फार काळ टिकली नाहीं. 1684 मध्यें गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनें लोकांनीं तीन वर्षांत पोर्तुगीज शिकून देशी भाषा सोडावी असा हुकूम काढला. 1739 मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली. बहुतेक युरोपीय पाद्री निघून गेले, आणि उरलेल्या ख्रिस्ती लोकांची काळजी देशी पाद्र्यांवर आली. त्या दिवसांत आमच्या पूर्वजांजवळ वाचावयास मराठी बायबल नव्हतें, आणि असतें तरी अक्षरओळख थोड्यांनाच होती. तरी श्रद्धा टिकली. ती कशावर टिकली? जपमाळेवर. आमच्या आज्या रोज सायंकाळीं दिव्यापुढें माळ जपत, आणि गौरवाच्या रहस्यांतील पहिलेंच रहस्य प्रभूचें पुनरुत्थान असें. ज्यांस एक अक्षर येत नव्हतें त्यांनीं हें सत्य बोटांनीं धरून ठेवलें.

मराठींत छापील नवा करार श्रीरामपूर येथें विल्यम केरी ह्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यानें 1811 मध्यें आणला, आणि पंडिता रमाबाईंचें संपूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर 1924 मध्यें प्रसिद्ध झालें. आमच्या देवळांत मात्र शास्त्रवाचन दीर्घकाळ लॅटिनमध्यें चाले. ईस्टरचा जागर तर शनिवारीं सकाळींच होई. पोप बारावे पायस ह्यांनीं 1951 मध्यें तो रात्रीं करण्यास परवानगी दिली, आणि 1956 पासून तो सर्वत्र रात्रीं होऊं लागला. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें 1965 मध्यें शास्त्राची वाट सर्व भाविकांस मोकळी असावी असें ठरविलें. आज जागराच्या रात्रीं सृष्टीच्या उत्पत्तीपासून रिकाम्या कबरेपर्यंत नऊ वाचनें आमच्या कानीं आमच्या भाषेंत पडतात. मंगळूर येथें 1907 मध्यें ख्रिस्तपुराण रोमन लिपींत पुन्हां छापलें गेलें, 1956 मध्यें पुण्यास तें देवनागरींत निघालें, आणि 2010 मध्यें फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचें सुबोध बायबल आलें. पोप फ्रान्सिस ह्यांनीं 2019 मध्यें सामान्यकाळांतील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून नेमला, आणि त्या पत्राचें नांव संत लूकाच्या त्याच 24 व्या अध्यायांतून घेतलें.

तेव्हां वाट मोकळी आहे, ग्रंथ हातांत आहे, भाषा आपली आहे. ज्यांच्याजवळ ग्रंथ नव्हता त्यांनीं श्रद्धा राखली. ज्यांच्याजवळ आहे त्यांनीं तो कापडांत गुंडाळून ठेवला, तर उद्यां आमच्या मुलांस कोणीं उत्तर द्यावें? ह्या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक घरानें इतकेंच करावें कीं, माळ झाल्यावर शुभवर्तमानाचा एक उतारा मोठ्यानें वाचावा. संत मार्काचे अध्याय अवघे सोळा आहेत; रोज एक म्हटला तरी तीन आठवड्यांच्या आंत तें शुभवर्तमान पुरें होतें. आणि मुलानें प्रश्न विचारला, तर त्याला गप्प करूं नये. उत्तर ठाऊक नसेल, तर त्याच्यासह पुस्तक उघडावें.

आमच्या देवळाच्या बाजूस दफनभूमि आहे. ज्यांनीं ह्या देवळाचे दगड वाहिले ते तेथें विसावले आहेत. त्यांच्यापैकीं पुष्कळांस आपलें नांवहि लिहितां येत नव्हतें. परंतु आपण येथें कायमचे राहावयाचे नाहीं, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. त्यांस जें ठाऊक होतें त्याचें कारण आपण वाचून घ्यावें आणि मुलांस सांगावें. ज्युबिलीचें शिंग जसें दासांस मोकळें करी, तसा एक दिवस प्रभूचा शब्द ह्याच भूमींतून त्यांस हाक मारील. ती हाक ओळखतां यावी, म्हणून त्याचा आवाज आपण आजपासूनच ऐकूं या.