आडवाटेवर आस तुटला, चाक निखळले तर

कुळ्याहून दूधसागर धबधब्याकडे जाणारी जंगलातील वाट गोव्यातील अनेकांनी जीपच्या मागच्या बाकावर बसून अनुभवली आहे. ओहोळातील गुळगुळीत गोटे, पाण्याखाली न दिसणारे खड्डे, उघड्या पडलेल्या मुळ्या आणि मध्येच येणारा खडा चढ असे या वाटेचे स्वरूप आहे. अशा ठिकाणी गाडी माणसाच्या धावण्याच्या वेगाने जाते, त्यामुळे आस तुटण्याचे भय फक्त महामार्गावरच, असा समज पसरतो. वस्तुस्थिती उलट आहे. वेग कमी असला, तरी आसावर येणारा पीळ आडवाटेवरच सर्वाधिक असतो.

यामागचे गणित सोपे आहे. पहिल्या गिअरचे प्रमाण 3.5, फोर व्हील ड्राइव्हच्या लो रेंजचे 2.5 आणि डिफरन्शिअलचे 4.5 धरले, तर इंजिनाचा पीळ चाकांपाशी पोहोचेपर्यंत सुमारे 39 पट होतो. हा पीळ चाकापर्यंत नेणारी पोलादी कांब म्हणजे हाफ शाफ्ट. ती केवळ जोर लावल्याने सहसा तुटत नाही. एक चाक चिखलात किंवा अधांतरी गरगर फिरत असते, चालक ॲक्सिलरेटर सोडत नाही आणि तेच चाक एकदम खडकावर टेकून थांबते. फिरत्या यंत्रणेचा सगळा धक्का त्या क्षणी कांबेवर येतो. तुटलेल्या शाफ्टचे टोक निरखून पाहावे. पुष्कळदा त्याचा काही भाग शिंपल्यासारख्या रेषांचा व गुळगुळीत असतो आणि उरलेला खरबरीत. गुळगुळीत भाग जुन्या भेगेचा, जी महिनोन् महिने वाढत होती. खरबरीत भाग शेवटच्या तुटण्याचा. ‘आज अचानक तुटला’ हे म्हणणे म्हणूनच अर्धेच खरे असते.

आता चाकाचे काय होणार, हे आसाच्या रचनेवर ठरते. ट्रक व जड कामाच्या गाड्यांत फुल फ्लोटिंग रचना असते. तिथे गाडीचे वजन आसाची नळी आणि हबमधील बेअरिंग पेलतात, शाफ्ट फक्त चाक फिरवतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहते. चाकाच्या मध्यभागी बोल्टांच्या वर्तुळाची बशी बाहेर डोकावत असेल, तर रचना बहुधा हीच. बहुतेक हलक्या गाड्यांच्या मागच्या बाजूस मात्र सेमी फ्लोटिंग रचना असते आणि वजनही शाफ्टच पेलतो. तो बेअरिंगच्या आत तुटला, तर चाक काही काळ टिकते, पण भरवसा नसतो. बेअरिंगच्या बाहेर तुटला, तर चाक ब्रेकच्या ड्रमसह निघून जाते. बैलगाडीच्या आसाची खीळ पडल्यावर जे होते, तेच येथे होते. फरक इतकाच, की इथे वरती दीड-दोन टनांचे ओझे असते.

चाक निखळल्याचा पहिला क्षण फार थोडा असतो. गाडी त्या बाजूला झुकते आणि तिकडेच ओढली जाते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे, मात्र अंगठे चक्राच्या आत अडकवू नयेत. पुढचे चाक खडकावर आपटून जो उलटा झटका बसतो, त्याने अंगठा मोडतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, गाडी सरळ ठेवावी. स्टिअरिंग जोरात फिरवणे सर्वांत घातक. मऊ मातीत रुतलेला आस किंवा रिम अडसर बनतो आणि आडवी वळलेली गाडी त्याच्यावरून कोलांटते. टायर फुटले तरी नियम हाच.

ब्रेकबाबत एक गोष्ट पुष्कळ अनुभवी चालकांच्याही ध्यानात नसते. ड्रम चाकाबरोबर गेला, की ब्रेक दाबताच आतील शूज अमर्याद फाकतात, व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात आणि तेल वाहून जाते. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना तेलाचा एकच मार्ग असल्याने एका चाकाबरोबर साऱ्या गाडीचा ब्रेक जाऊ शकतो. तेव्हा सपाटीवर गाडी आपोआप मंदावू द्यावी. उतारावर ब्रेक वापरावाच लागला, तर सारखा पंप न करता एकदाच दाबून धरावा.

चढावर शाफ्ट तुटतो, तेव्हाचा सापळा वेगळाच आहे. कडाड् असा आवाज होतो, इंजिन चालू राहते, पण गाडी पुढे सरकत नाही. चालक हँडब्रेक ओढतो आणि गाडी तरीही मागे घरंगळू लागते. जुन्या विलीस पद्धतीच्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. एका बाजूचा शाफ्ट तुटला, की डिफरन्शिअलमुळे ती बाजू मोकळी फिरते आणि ब्रेकचा चाकांशी संबंधच उरत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवण्याचाही त्याच कारणाने उपयोग होत नाही. अशा वेळी पायाचा ब्रेक दाबून ठेवावा आणि फोर व्हील ड्राइव्ह जोडलेले नसेल तर जोडावे; पुढचा आस धड असल्याने गाडी त्यावर थोपते. चारही चाकांना सतत ताकद देणाऱ्या गाड्यांत मधला डिफरन्शिअल लॉक करावा लागतो. मग सोबत्याने वरच्या अंगाने उतरून चाकांच्या उताराकडील बाजूस मोठे दगड लावावेत. दगड लागेपर्यंत चालकाने ब्रेकवरचा पाय हलवू नये.

प्रवाशांनी हात-पाय गाडीबाहेर काढू नयेत आणि कलंडत्या गाडीतून उडी मारू नये. उडी मारणारा पुष्कळदा त्याच गाडीखाली सापडतो. पट्टा असेल तर तो कुळे ते धबधबा एवढ्या अंतरासाठीही लावावा. गाडी थांबल्यावर सर्वांनी उताराच्या वरच्या बाजूने उतरावे, खालच्या बाजूस कोणीही उभे राहू नये. जंगलात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. 108 किंवा 112 लावण्यासाठी कोणाला तरी मागे चालत यावे लागते, म्हणून गाडी एकटी नेऊ नये.

जॅक लावताना होणारे अपघात मूळ बिघाडाइतकेच भयंकर असतात. ओल्या मातीत जॅक खचतो. त्याखाली जाड फळी हवी. उंच उचलणारा जॅक बाजूला सहज कलतो. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली डोकेदेखील घालू नये. स्टेपनी आडवी करून चॅसिसखाली सरकवावी, म्हणजे जॅक निसटला तरी जागा उरते.

फुल फ्लोटिंग गाडी असल्यास तुटलेला शाफ्ट काढून, हबचे तोंड तेल गळू नये असे बंद करून, पुढच्या चाकांच्या ताकदीवर हळूहळू परतता येते. मात्र तुकडे डिफरन्शिअलमध्ये पडले असतील, तर ते दातांत अडकून चाके जाम करतात. आतून खडखड ऐकू आली, की थांबावे. सेमी फ्लोटिंग गाडी चालवण्याचा मोह टाळावा. चाकाविना ओढायचीच वेळ आली, तर लांब, मजबूत वासा आसाखालून घेऊन त्याचे पुढचे टोक चॅसिसला बांधतात आणि मागचे टोक घसरत नेतात. जुनी युक्ती आहे, ओबडधोबड आहे, पण वाट मोकळी करण्यापुरती पुरते.

चाके बहुधा आधी सूचना देतात. टायरच्या आतल्या बाजूस तेलाचे ओघळ, नटांभोवती गंजाच्या रेषा, एकच हब इतरांपेक्षा तापणे, वळताना टकटक. जॅकवर घेतलेले पुढचे चाक वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा किंगपिनकडे पाहावे. डावी-उजवीकडे खेळ असेल, तर दोष बहुधा टाय रॉडचा. चाक बदलल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत. जुन्या विलीस जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. ते ठाऊक नसलेला मदतनीस जोर लावून स्टडच तोडतो.

ओहोळ ओलांडणाऱ्या गाड्यांसाठी आणखी एक तपासणी अटळ आहे. चालून तापलेला हब थंड पाण्यात बुडाला, की आतील हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. ग्रीस धुतले जाते, बेअरिंगवर गंज धरतो आणि बिघाड दिसतो तो काही आठवड्यांनी, बहुधा कोरड्या रस्त्यावर. डिफरन्शिअलचे तेल दुधाळ कॉफीच्या रंगाचे दिसले, तर ते त्याच दिवशी बदलावे आणि आसावरील हवेची नळी चिखलाने बुजली आहे का, तेही पाहावे.