सांदवाडीतलं परागण

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मोहोळांची वाण नाही. तरी श्रावणात घरामागच्या सांदवाडीत कोहळ्याची, म्हणजे लाल भोपळ्याची, कोवळी फळं टोकाकडून पिवळी पडून गळतात आणि ‘माश्याच राहिल्या नाहीत’ असं म्हटलं जातं. हे निदान अपुरं आहे. जंगलातल्या माशीचा आणि वाडीतल्या माशीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

आग्या माशी स्थलांतर करते. पळस, मोह फुलतात तेव्हा ती इथल्या जंगलात असते; वाडीतले वेल फुलतात त्या पावसाळ्यात तिच्या बऱ्याच वसाहती निघून गेलेल्या असतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने माश्या न मारता मध काढण्याचा अभ्यास केला. जंगलासाठी ते मोलाचं काम आहे, पण त्याने सांदवाडीची गरज भागत नाही. तिथे भार पडतो तो सातेरी, फुलोरी, डंख नसलेली बारीक माशी आणि एकेकटे राहणारे भुंगे यांच्यावर. बारीक माशी घरट्यापासून काहीशे मीटरच जाते. त्यात कोहळ्याचं फूल पहाटे उमलून दुपारच्या आत मिटतं. तेवढ्या वेळात सर आली की तो दिवस वाया.

खात्री करणं सोपं आहे. सकाळी लवकर नरफूल तोडा, पाकळ्या काढा आणि त्याचे पराग मादीफुलाच्या मधोमध टेकवा. मादीफुलाखाली इवलंसं फळ असतं, त्यावरून ते ओळखू येतं. हाताने फळवलेलं टिकलं आणि बाकीची गळली, तर परागण कमी पडतंय. तेही गळलं, तर दोष पाण्यात किंवा खतात शोधा. सुरुवातीला नुसती नरफुलंच येतात, त्याला तुटवडा म्हणू नये.

दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात; तिथे पतंगांचं काम मोठं. वांग्याचे पराग परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून झटकावे लागतात. ती थरथर मधमाशीला जमत नाही, काळ्या भुंग्याला जमते. हा भुंगा वाळलेल्या बांबूत घर करतो, आणि आपण कुंपण बदलताना नेमका तोच बांबू चुलीत घालतो. माझ्या मते वाडीचं खरं नुकसान इथे होतं.

म्हणून जुन्या बांबूची एक मोळी कोरड्या आडोशाला राहू द्या, आणि फुलांवर कीटकनाशक फवारू नका.