पराभवानंतरचे बाबासाहेब

पराभव कसा पचवावा याचा वस्तुपाठ आपल्याच इतिहासात आहे. हिंदू कोड बिल रखडले म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. पुढे १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून ते पराभूत झाले. प्रौढ मताधिकार देणाऱ्या राज्यघटनेच्या शिल्पकारासच मतदारांनी नाकारावे, हे अनुयायांच्या जिव्हारी लागले. परंतु बाबासाहेबांनी संसदेकडे पाठ फिरविली नाही. त्याच वर्षी ते राज्यसभेत गेले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना अपयश आले. तथापि ज्या सुधारणांसाठी त्यांनी पदत्याग केला, त्यांपैकी विवाहाचा कायदा १९५५ साली व वारशाचा १९५६ साली संमत झाला. उमेदवार हरला, म्हणून त्याचे कार्य हरतेच असे नाही.